गवंड्याच्या घरातला आर्किटेक्ट

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांतून ठरलेली नावे ऐकू येतात: डॉक्टर, इंजिनीयर, फार्मसी, नाहीतर बी.एस्सी. करून स्पर्धा परीक्षा. मुलीची चित्रकला चांगली असेल तर एखादी खाला मेहंदीच्या क्लासचे सुचवते आणि विषय तिथेच मिटतो. ज्या घरात अब्बा सेंट्रिंगचे काम घेतात, चाचा फरशी बसवतात, मामूंचा रंगकामाचा ठेका आहे, त्या घरातही वास्तुकला हे नाव कोणाला सुचत नाही. याचे नवल वाटते, आणि थोडे वाईटही.

आपल्या मोहल्ल्यात एक फेरी मारा. गवंडी, बारबेंडर, प्लंबर, वायरमन, वेल्डर, सुतार, फॅब्रिकेशनवाले, पीओपी करणारे. एक अख्खे घर उभे राहील एवढा हुनर एका गल्लीत सापडतो. नसतो तो फक्त कागदावर रेघ मारणारा. ती रेघ दुसरीकडून येते, आणि घर कसे असावे हे ठरवण्याचा मान व मोबदलाही तिच्याबरोबर तिकडेच जातो. ओळंबा धरून भिंत सरळ उभी करणाऱ्या माणसाचा मुलगा किंवा मुलगी ती रेघ मारू लागली तर काय होईल, हा या लेखाचा विषय आहे. आणि त्या मुलांनी फक्त बंगले न काढता आपल्या वस्त्यांचे काम हाती घेतले तर काय होईल, हाही.

आधी हा अभ्यास काय आहे ते पाहू, कारण आर्किटेक्ट आणि सिव्हिल इंजिनीयर यांत आपल्याकडे सर्रास गल्लत होते. इमारत पडू नये, हे मुख्यतः इंजिनीयर पाहतो. त्या इमारतीत माणसाने कसे राहावे, उजेड कुठून यावा, वारा कुठून जावा, म्हातारीला रात्री मोरीपर्यंत किती पावले चालावे लागते, हे आर्किटेक्ट पाहतो. 'बी.आर्क.' ही पदवी पाच वर्षांची असते. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार पदवी घेऊन कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका गणितासह केलेल्यांनाही दार उघडे आहे, ही गोष्ट पॉलिटेक्निकमधल्या मुलांच्या घरी फारशी माहीत नसते. त्याशिवाय 'नाटा' ही परीक्षा किंवा जेईई मेनचा वास्तुकलेचा दुसरा पेपर द्यावा लागतो. त्यात चित्रकला असते, पण फुले-पाने काढण्याची नाही. पाहिलेली जागा आठवून कागदावर उतरवता येते का, वस्तू मनातल्या मनात फिरवून तिची दुसरी बाजू दिसते का, हे तपासतात. ज्या मुलाने वडिलांबरोबर सुट्टीत साइटवर वाळू चाळली आहे, त्याला हे शहरातल्या क्लासवाल्या मुलापेक्षा कमी जमेल असे समजण्याचे कारण नाही.

त्यासाठी पुण्या-मुंबईलाच जायला हवे असेही नाही. सांगलीत दक्षिण भारत जैन सभेचे आप्पासाहेब बिरनाळे वास्तुकला महाविद्यालय आहे, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. कोल्हापुरातही सोय आहे. मिरजेची किंवा कुपवाडची मुलगी रोज घरून जाऊन-येऊन शिकू शकते, आणि आपल्या घरांत या एका गोष्टीवर कितीतरी मुलींचे शिक्षण अडते किंवा सुटते. मात्र घरच्यांनी एक आधीच समजून घ्यावे. या अभ्यासात रात्री जागाव्या लागतात. शीट पूर्ण करायच्या असतात, पुठ्ठ्याची मॉडेल कापायची असतात, आणि सादरीकरणाच्या दिवशी शिक्षक व बाहेरचे परीक्षक सगळ्यांसमोर प्रश्न विचारून विद्यार्थ्याला घाम फोडतात. त्याला 'ज्युरी' म्हणतात. मुलगी रडत घरी आली तर कॉलेज सोडायला लावू नका. दुसऱ्या दिवशी ती नवी शीट लावते.

साताऱ्याची गोष्ट वेगळी, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिक्षण आणि बांधकाम यांची सांगड या शहराने फार पूर्वी घातली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली, त्यात आपलीही होती. गांधीजी १९२७ मध्ये येऊन गेले. फी नाही तर श्रम द्या, ही तिथली रीत होती. मुलांनी शेती केली, खडी फोडली, माती वाहिली, आणि तेच हात संध्याकाळी पुस्तक धरत. 'कमवा आणि शिका' हे नाव आज सगळीकडे फलकावर दिसते, पण त्यामागे असा घाम आहे. त्याच परंपरेतून २०२१ मध्ये तीन महाविद्यालये एकत्र करून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. यशवंतराव चव्हाण विज्ञान महाविद्यालय, छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही ती तीन. हे छोटे, एका शहरात मावणारे विद्यापीठ आहे. अशा विद्यापीठाचा मोठा फायदा म्हणजे ज्या शहरात शिकायचे ते शहरच प्रयोगशाळा होते. भूगोल शिकणारा, समाजशास्त्र शिकणारा आणि घर काढणारा विद्यार्थी एकाच गल्लीत सर्वेक्षणाला जाऊ शकतात. महानगरांत हे जमवायला दोन तासांचा लोकल प्रवास आणि पाच परवानग्या लागतात.

आणि प्रयोगशाळा केवढी! पश्चिमेला महाबळेश्वर-पाटणचा धो धो पाऊस, जांभा दगड, उतरती छपरे. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. तिथे पाऊस बेताचाच, घरे पांढऱ्या मातीच्या धाब्याची, भिंती जाड, खिडक्या लहान. उन्हाळ्यात दुपारी त्या धाब्याच्या घरात शिरलात तर पंख्याची आठवण होत नाही. आता त्याच गावांतून पत्र्याची आणि स्लॅबची घरे झाली आहेत. लोकांना ती 'पक्की' वाटतात, मात्र एप्रिल-मेमध्ये आत बसवत नाही. पक्के म्हणजे काय, हा प्रश्न वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाचा आहे आणि आपल्या घरबांधणीच्या कर्जाचाही.

पक्क्याची दुसरी बाजूही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो गेली. दोन्हीकडे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी माणसे गाडली. दोष दगडाचा नव्हता. भिंतीच्या दोन पदरांना जोडणारे आरपार दगड घातलेले नव्हते, कोपरे बांधलेले नव्हते, वर सगळ्या भिंतींना कवेत घेणारा पट्टा नव्हता. हे सगळे एका गवंड्याला अर्ध्या दिवसात शिकवता येते. कोणी शिकवायला जात नाही, एवढेच.

सांगलीचा प्रश्न पाण्याचा. आयर्विन पुलाखालची पट्टी सांगलीकर पावसाळ्यात तापाच्या काट्यासारखी पाहतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. पूररेषा दोन असतात: सरासरी २५ वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, आणि १०० वर्षांतल्या मोठ्या पुराची लाल. नकाशावर त्या रेषा काढणे सोपे आहे. निळ्या रेषेच्या आत जो भाजीवाला, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई तीस वर्षे राहते तिने जायचे कुठे, हे ठरवणे अवघड. तिथे नुसता इंजिनीयर पुरत नाही आणि नुसता समाजसेवकही पुरत नाही. दोन्हींचे थोडेथोडे शिकलेला माणूस लागतो.

असा प्रयोग सांगलीत झालेला आहे, आणि सांगलीबाहेर त्याची चर्चा सांगलीपेक्षा जास्त झाली असावी. पुण्यात वास्तुविशारद प्रतिमा जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ च्या सुमारास 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था सुरू केली. तिने सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतील झोपडपट्ट्यांचे नकाशे तयार केले. यात काय विशेष, असे वाटेल. विशेष हे की तोवर शहराच्या अधिकृत नकाशावर बहुतेक वस्त्या म्हणजे नुसता एक रिकामा ठिपका असे. आत किती घरे, गल्ली किती फूट रुंद, नळ कुठे, गटार कुठल्या बाजूला उतरते, कोणाकडे शौचालय आहे, हे कुठेच नव्हते. संस्थेच्या लोकांनी घराघराला नंबर दिले, वस्तीतल्याच तरुण पोरी-पोरांना फॉर्म भरायला शिकवले, आणि ती माहिती उपग्रहाच्या चित्रावर बसवली. घरावर बोट ठेवले की त्या घराची हकिकत समोर येते.

नकाशाने काय होते ते पाहा. 'आमच्या वस्तीला संडास द्या' असा अर्ज महापालिकेत वर्षानुवर्षे पडून राहतो. पण 'या गल्लीतल्या इतक्या घरांत शौचालय नाही, ड्रेनेजची लाइन इतक्या मीटरवरून जाते, उतार तिकडेच आहे' असा कागद ठेवला की अधिकाऱ्याला नाही म्हणायला कारण उरत नाही. त्यातूनच संस्थेचे 'एक घर, एक शौचालय' हे काम उभे राहिले. सामान संस्था दारात आणून देते, बांधून घेण्याची जबाबदारी आणि मजुरीचा खर्च कुटुंबाचा. फुकट काही नाही, म्हणून ते वापरात राहते. सार्वजनिक संडास चकचकीत बांधून सहा महिन्यांत कुलूप लागलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. घरातल्या बाईला अंधार पडायची वाट पाहावी लागणे, मुलीने शाळेत पाणीच न पिणे, म्हाताऱ्यांची कुचंबणा, हे ज्या घरांत घडते त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

पुढे २००५ मध्ये आलेल्या केंद्राच्या घरकुल व झोपडपट्टी विकास कार्यक्रमात सांगलीने एकेका वस्तीपुरता विचार न करता सगळ्या शहराचा एकत्र आराखडा मांडला. जी वस्ती हलवावीच लागेल तिला शहराबाहेर न फेकता जवळच्या जागेत न्यायचे, हा त्यातला मुख्य विचार. कारण धुण्याभांड्याची घरे, बाजार, मदरसा, शाळा सगळे पायी पोहोचण्याच्या अंतरावर असते. दहा किलोमीटर लांब फुकट फ्लॅट मिळाला तर रिक्षाभाड्यातच पगार जातो. मूळ आराखड्यातली सगळी घरे झाली नाहीत, हेही सांगायला हवे. जागेचे वाद, वाढत्या किमती, बदलते अधिकारी. वास्तुकलेच्या कुठल्याही पुस्तकात या गोष्टींचा धडा नसतो. तरी जे झाले त्यातून दिसले की नकाशा तयार करताना बायकांना विचारले तर घर वेगळे निघते. त्या ओट्याची उंची सांगतात, शिलाई मशीन कुठल्या खिडकीशी हवी ते सांगतात, पाणी साठवायला जागा मागतात, जिन्याखाली कोंबड्या ठेवता येतील का विचारतात. खोलीचा आकार खडूने जमिनीवर प्रत्यक्ष मापात आखून दाखवला की जिला नकाशा वाचता येत नाही ती बाईही आत उभी राहून म्हणते, इथे पलंग मावणार नाही. आणि ते बरोबरच असते.

ज्यांना वाटते की आपल्या मुलींना हे क्षेत्र कसे जमेल, त्यांनी शेजारच्या दोन देशांकडे पाहावे. यास्मिन लारी पाकिस्तानातील पहिल्या महिला वास्तुविशारद. मोठमोठ्या इमारती बांधून झाल्यावर त्या बांबू, चुना आणि मातीकडे वळल्या आणि पूरग्रस्तांना स्वतः बांधता येतील अशी घरे शिकवू लागल्या. २०२३ मध्ये ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे राजपदक त्यांना मिळाले. दुसऱ्या ढाक्याच्या मरिना तबस्सुम. त्यांच्या आजीने जमीन दिली आणि तिथे त्यांनी 'बैतुर रऊफ' ही मशीद बांधली. साध्या विटांची, ना घुमट ना मिनार. पण आत उजेड असा झिरपतो आणि वारा असा खेळतो की पंख्याविनाही माणसे बसून राहतात. नमाजाच्या वेळा सोडून मोहल्ल्यातली मुले तिथे खेळतात, म्हातारे गप्पा मारतात. तिला २०१६ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्याच बाईंनी नदीच्या बेटांवर राहणाऱ्यांसाठी बांबूचे, उचलून दुसरीकडे नेता येईल असे दुमजली छोटे घर तयार केले आहे. पूर आला की माणसे वरच्या मजल्यावर.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडे मशिदीचे बांधकाम निघाले की कमिटीच्या बैठकीत चर्चा मिनाराच्या उंचीची आणि ग्रॅनाइटच्या रंगाची होते. वजूचे पाणी जाते कुठे? ते वाया जाते की बागेला, बोअरच्या पुनर्भरणाला लागते? गुडघे दुखणाऱ्या बुजुर्गांना पायऱ्या चढवतात का? जनाजा वळणावर अडतो का? बायकांना यायचे तर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह आहे का? पाण्याची फिकीर ही आपल्याला परकी गोष्ट नाही. जतच्या पलीकडे विजापुरात आदिलशाहीने तलाव, बावड्या आणि जमिनीखालचे पाण्याचे मार्ग बांधले. औरंगाबादला पाणचक्कीवर डोंगरातून आणलेल्या पाण्याने जाते फिरायचे आणि मुसाफिरांचे, शिकणाऱ्यांचे पीठ दळले जायचे. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर तर दोन तासांवरसुद्धा नाही; मुलांना किल्ल्यांवर नेता तसे एकदा तिथेही न्या, आणि पायऱ्या, मोटा ओढायची जागा, वरची बैठक कशी जुळवली आहे ते त्यांनाच शोधू द्या.

गुजरातमधल्या भूजचे उदाहरण तर गवंड्यांच्या घरांसाठीच आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तिथे 'हुनरशाला' ही संस्था उभी राहिली. तिने कारागिरांना घेऊन घरे बांधली, आणि शाळा सुटलेल्या मुलांसाठी 'कारीगरशाला' काढली. तिथे सुतारकाम, चिनाई, मातीची भिंत हे हाताने शिकवतात, हिशेब आणि नकाशाही शिकवतात. पाच वर्षांची पदवी ज्या मुलाला शक्य नाही त्याच्यासाठी ही वाट आहे. अशी एखादी शाळा मिरजेत किंवा कराडात का नसावी? आपल्याकडे रिकामे शादीखाने वर्षातले निम्मे दिवस बंद असतात.

आता पैशाचे. खासगी महाविद्यालयाची फी ऐकून वडील गप्प होतात, म्हणून हा भाग नीट वाचावा. प्रवेश सरकारी केंद्रीभूत फेरीतूनच घ्या. बाहेरून परस्पर घेतला तर बहुतेक सवलती हातच्या जातात. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी अशा आपल्यातल्या अनेक जमाती महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलींना २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. खुल्या गटातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक महामंडळाचे शैक्षणिक कर्जही आहे. खर्च फक्त फीचा नसतो, हेही खरे. लॅपटॉप, शीट, छपाई, मॉडेलचे सामान यांत पैसे जातात, म्हणून जकातीचा किंवा जमातीचा निधी देताना मंडळांनी 'फी किती' एवढेच विचारू नये.

जातीचा दाखला, जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअर हे कागद बारावीच्या परीक्षेआधी हातात असावेत. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांची फेरी चुकते, आणि दर वर्षी चुकते. दाखल्यासाठी आजोबांचा शाळेचा उतारा लागतो. तो कुठल्या गावच्या शाळेत आहे हे दादींना विचारा, त्यांना आठवत असते.

नोकरीविषयी खोटी आशा देत नाही. पदवी झाल्यावर पहिली काही वर्षे कार्यालयातला पगार बेताचा असतो, कधी चांगल्या मिस्त्रीच्या मजुरीपेक्षाही कमी. पण मिस्त्रीची मजुरी गुडघे चालतात तोवर. ज्याला वस्तीच्या कामात रस आहे त्याने पुढे नगररचना किंवा गृहनिर्माण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. अहमदाबादच्या सेप्टमध्ये, दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला संस्थेत ते आहे, आणि समाजकार्याच्या बाजूने जायचे तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आहे. नगरपालिकांची नगररचना खाती, घरकुल योजना, पाणी व स्वच्छतेच्या कामातल्या संस्था ही त्यापुढची दारे.

आणि पोर अजून दहावी-अकरावीत असेल तर या सुट्टीत एक काम द्या. मोजायची टेप घ्यावी, अब्बांनी एक टोक धरावे, आणि आपल्याच घराचा नकाशा काढावा. दारे, खिडक्या, जिना, पाण्याची टाकी, दुपारी ऊन कुठवर येते ते. मोरीचे पाणी कुठे जाते हेही रेघेने दाखवावे. दाखवता आले नाही तर चप्पल घालून गल्लीत जावे आणि गटार शेवटपर्यंत चालत पाहून यावे.